सीटखालचा, बंद बॉक्सचा की पोर्टवाला? गाडीसाठी सबवूफर निवडताना

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "आठचा टाकू, दहाचा की बाराचा?" खरं तर इंचाचा विचार शेवटी करायचा असतो. आधी डिकीत जागा किती उरते ते बघा, मग अँप (वूफरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) किती ओहमवर (ओहम म्हणजे वूफरच्या कॉइलचा रोध) किती वॉट देतो ते बघा. या दोन गोष्टी ठरल्या की वूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, जवळजवळ आपोआप ठरतो.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर

संभाजीनगर, जालन्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत आता सीएनजी किट आहे. अशा गाडीत बॉक्स टाकीवर दडपून बसवू नका. टाकीचा व्हॉल्व्ह हाताला लागला पाहिजे, आणि दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी टाकी काढावीच लागते. डिकीच्या पत्र्यात स्क्रू मारायचा असेल तर आधी खालून वाकून बघा, गॅसची नळी तिकडूनच गेलेली असू शकते.

या गाड्यांना सीटखालचा ॲक्टिव्ह सबवूफर बरा. अँप आतच असतो, उंची सात-आठ सेंटीमीटर, बहुतेक आठ इंची. सीट सर्वांत खाली आणि पुढे-मागे पूर्ण सरकवून माप घ्या. सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं आहे, त्याला हात लावायचा नाही. वायर सीटच्या रुळात चेपली की फ्यूज उडतो, म्हणून ती कार्पेटखालून न्या.

त्याच्याकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. पखवाजाची धुमं, ढोलकीचा घुमारा भरून येतो. पण ४० हर्ट्झच्या खाली दम राहत नाही. कागदावर ६०० वॉट असलं तरी आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी पॉवर, बघाल तर सव्वाशे-दीडशेच्या आसपास निघतं. शिवाय काळ्या मातीच्या रस्त्यांची धूळ आधी तिथेच जाऊन बसते, पावसाळ्यात ओली मॅटही त्यालाच लागते.

बंद बॉक्स की पोर्टवाला?

डिकी मोकळी असेल तर खरी निवड ही. १२ इंची वूफरला बंद बॉक्स साधारण १ ते सव्वा घनफूट लागतो, पोर्टवाला (हवा ये-जा करायला नळी किंवा फट ठेवलेला) पावणेदोन ते सव्वादोन. नेमका आकडा वूफरच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तोच खरा.

बंद बॉक्सचा आवाज घट्ट. हलगीची प्रत्येक थाप सुटी ऐकू येते, संबळ चिकटून येत नाही. खालच्या सुरांना त्याचा आवाज हळूहळू उतरतो, पण गाडीची बंद केबिन नेमके तेच सूर उचलून धरते, त्यामुळे ती उणीव बरीचशी भरून निघते. मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी तो सांभाळून घेतो.

पोर्टवाला त्याच वॉटमध्ये जास्त वाजतो. वरातीतल्या डीजेचा दणका डिकीतून हवा असेल तर हाच. पण ज्या सुरावर तो ट्यून केलेला असतो, बहुधा ३२ ते ३८ हर्ट्झ, त्याच्या खाली कोनला (वूफरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही आणि कोन मोकाट हलतो. ३५ वर ट्यून केला असेल तर सबसोनिक फिल्टर (फार खालचे सूर कापणारा) २८-३० वर लावलाच पाहिजे. अँपला तो फिल्टर नसेल तर पोर्टच्या नादी लागू नका. पोर्ट अरुंद झाला की मोठ्या आवाजात फुरफुर ऐकू येते, ती नंतर कशानेही जात नाही.

सुताराकडून बॉक्स करून घेताना माप आतलं सांगा. बाहेरून १६×१४×१३ इंचाचा बॉक्स बाहेरच्या मापाने १.६९ घनफूट भरतो. १८ मिलिमीटर एमडीएफची जाडी वजा केली की १.२३ उरतो, आणि वूफरने अडवलेली जागा गेली की १.१. हा बंद बॉक्सला अगदी बरोबर. सांध्यांना फेविकॉल, स्क्रू आणि आतून सिलिकॉन. एका सांध्यातून जरी हवा सुटली तरी बंद बॉक्सचा सगळा घट्टपणा गेला. आणि बॉक्स पट्ट्याने बांधा, खड्ड्यात उडाला तर मागची काच जाते.

ओहमचा हिशेब

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ड्युअल व्हॉइस कॉइलचा, म्हणजे दोन कॉइलचा डीव्हीसी वूफर घेतला तर त्यावर लिहिलेले ओहम एका कॉइलचे असतात.

- ४+४ ओहम : समांतर जोडला तर २, सिरीजमध्ये ८.
- २+२ ओहम : समांतर १, सिरीजमध्ये ४.
- दोन वूफर, दोन्ही २+२ : सगळं समांतर केलं तर अर्धा ओहम, आणि अँप प्रोटेक्टमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद. प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये जोडून दोन्ही वूफर समांतर केले तर २.

फोर चॅनेल अँपचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, वूफर चालवणारे बरेच. ब्रिजला बहुतेक अँप ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. तिथे ४+४ चा वूफर आणला की फसलात : समांतर २ ओहमवर अँप तापून बंद पडतो, सिरीजमध्ये ८ वर पॉवर निम्मी होते. ब्रिजसाठी २+२ डीव्हीसी किंवा सरळ ४ ओहमचा सिंगल कॉइल घ्या. २ ओहमवर पूर्ण ताकद देणारा मोनो (एकाच चॅनेलचा) अँप असेल तर ४+४ उत्तम.

वॉट जुळवताना आरएमएसला आरएमएस लावा. ३०० आरएमएसच्या वूफरला त्याच ओहमवर ३०० देणारा अँप. थोडा मोठा अँप गेन (अँपची पातळी ठरवणारा नॉब) कमी ठेवून चालतो. छोटा अँप ओढून वाजवला तर आवाज क्लिप होतो, म्हणजे फाटतो, आणि कॉइल जळते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात हे लवकर होतं : कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, आवाज उतरतो, माणूस गेन वाढवतो, आणि थोड्या वेळाने जळका वास. अँप कार्पेटखाली कोंबू नका, बॉक्सवरही ठोकू नका.

दोन वूफरचा मोह असेल तर एवढं बघा : नुसती पॉवर दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. हॅचबॅकला बंद बॉक्समधला एक चांगला १० इंची पुरतो. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मोठ्या केबिनला १२ घ्या.

वायर आणि सेटिंग

३०० वॉटचा क्लास डी अँप सुमारे २७ अँपिअर खेचतो : ८ गेज तांब्याची वायर, ४० चा फ्यूज. ५०० वॉटला ४५ च्या आसपास : ४ गेज आणि ६० (गेजचा आकडा लहान, तेवढी वायर जाड). तार चाकूने खरवडा; आतून पांढरी निघाली की ॲल्युमिनियम, मग एक माप जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, सीटबेल्टच्या बोल्टवर नाही.

गेन कानाने लावू नका. बास बूस्ट शून्य, स्टीरिओ पाऊण आवाजावर, वूफरची वायर अँपपासून काढलेली, आणि ५० हर्ट्झचा पूर्ण लेव्हलचा टोन. अँपच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा : ३०० वॉटला ४ ओहमवर ३४.६ व्होल्ट, २ ओहमवर २४.५. तिथे थांबा. वूफरचा लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर, दारातल्या स्पीकरना हाय पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) ८० वर. शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसून वूफरचे प्लस-मायनस उलटे करून ऐका. ज्या जोडणीत बास भरून येतो, ती ठेवा.