एक्स्टर्नल फ्यूल पंप किट: पंप चांगला, वायर दळभद्री

जुन्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीत एस्टीम कारचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन टाकलेल्यांना हे किट काय असतं ते सांगायला नको. टाकी जुनीच ठेवायची, बाहेर इनलाइन पंप लावायचा, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन ओढायची. टाकी उतरवून आत पंप बसवण्याचा खर्च वाचतो, म्हणून मीही ऑनलाइन हेच मागवलं. उन्हाळ्यात कोणी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते. सकाळी सेल्फ मारला की गाडी चालू, आणि तवंदी घाटात ट्रकांच्या मागे रखडायची सवयच मोडली.

मग पाऊस लागला. बेळगावहून गोव्याकडे जाताना जांबोटी सोडून कणकुंबीकडे चढायला लागलं की गाडी कुथायची. पाय हलका ठेवला तर ठीक, दाबला की धक्के. चोर्ला घाटातून वर येताना तर मागच्या टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. पावसातच होतंय म्हटल्यावर सगळ्यांचं निदान एकच: पेट्रोलमध्ये पाणी. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते पाणी ओढतं आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाला बसतं, हे खरंच आहे. पण टाकीतलं पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं, तर तळाला थर नाही. मेस्त्रींनी पंपाचा आवाज ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, "पंप होग्याद री," म्हणजे पंप गेलाय. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयारच होतं: भेसळीच्या पेट्रोलवर वॉरंटी नाही, आणि बसवलेला माल परत नाही.

दुसरा पंप घ्यायचा तर खिसा माझाच, म्हणून आधी पेट्रोलचं प्रेशर मोजणारा गेज घेतला. बेळगावात हायड्रॉलिक्सवाल्यांना काय तोटा? उद्यमबागेत ७ किलोपर्यंत (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला) मोजणारा गेज, होज आणि तीन तोंडांचा जोड (टी) मिळून पंपाच्या पाव किमतीत काम झालं, वर त्यांनी स्वतःच्या मास्टर गेजशी ताडूनही दिला. ज्यांची गाडी मॉडिफाय केलेली आहे त्यांनी पंपाआधी हा घ्यावा. लाइन उघडण्याआधी मात्र पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, नाहीतर ३ किलोच्या प्रेशरचं पेट्रोल थेट तोंडावर येतं.

या इंजिनला इंजिन बंद आणि पंप चालू असताना २.७ ते ३.१ किलो हवं, आयडलला २.१ ते २.६. माझं दोन्ही बरोबर. प्रेशर आवरणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली तर काटा जवळपास अर्ध्या किलोने वर गेला, म्हणजे रेग्युलेटरही ठीक. रिटर्नची रबरी नळी क्षणभर दाबली तर काटा चारपर्यंत जाऊन अडखळला. धडधाकट पंप त्याच्याही वर जातो. इथे मेस्त्रींचं म्हणणं मलाही पटायला लागलं होतं. मग गेज बॉनेटच्या फटीतून काढून काचेच्या कोपऱ्याला बाहेरून टेपने चिकटवला (गाडीच्या आत अजिबात नको) आणि चढाला गेलो. कोरड्या रस्त्यावर फुल थ्रॉटलला २.८. बारीक पाऊस आला, वायपर लावला, काच धुरकटली म्हणून ब्लोअर लावला, आणि काटा १.७ वर घसरला.

पंपाला पाऊस कळत नाही, व्होल्टेज कळतं.

आता त्या वायरकडे येऊ. किटमध्ये लाल-काळी जोडी येते, इतकी बारीक की गणपतीच्या लायटिंगची वायर तिच्यापेक्षा जाड वाटावी. सोबतच्या कागदावर लिहिलंय, ती इग्निशन स्विचच्या लाइनला जोडा. रिले (बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. कार्बोरेटरच्या जिप्सीत पंप यांत्रिक, कॅमवर चालणारा. त्या स्विचने आयुष्यात कधी पंपाचा करंट वाहिलेला नाही. वायपर आणि ब्लोअर त्याच स्विचवर. सगळं एकदम चालू केलं तेव्हा बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या टर्मिनलवर १०.४. या तुटीतला ०.७ तर नुसता अर्थिंगमध्ये जात होता, कारण बोल्ट रंगावरच आवळला होता. प्लग काढून मोजलं तर मीटर १२च्या वर दाखवतो आणि इलेक्ट्रिशियन "करंट बरोबर आहे की" म्हणून मोकळा होतो. पंप चालू ठेवूनच मोजा.

आणखी एक गोष्ट, जिचा मला जास्त राग आहे. इग्निशनला जोडलेला पंप इंजिन बंद पडलं तरी किल्ली ऑन असेपर्यंत चालूच राहतो. अपघात होऊन नळी तुटली तर काय? इंजिनसोबत ईसीयू, म्हणजे त्याचा कंप्युटर, आलेलाच आहे, तो इंजिन थांबलं की पंप बंद करतो. रिलेला सिग्नल तिथून घ्यायचा, हे त्या कागदावर दोन ओळीत लिहिता आलं असतं.

शेवटी केलं ते असं: बॅटरीपासून फ्यूजमधून २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर रिलेत, रिलेतून पंपाला, अर्थिंग घासून स्वच्छ केलेल्या चॅसिसवर. शहापुरातल्या दुकानात सगळं सामान पाचशेच्या आत बसलं. पंपावर आता १३.३ मिळतात. वायपर, ब्लोअर, मागे चौघं आणि सामान, तरी चोर्ल्यात काटा २.९च्या खाली गेला नाही. पंप तोच.

नंतरच्या महिन्यांत एकदा पंपाआधीची जाळी तुंबली, तो दोष जुन्या टाकीच्या गंजाचा. तिथे बारीक कागदी फिल्टर लावू नका, हे पंप ढकलतात जोरात पण ओढताना रडतात. पंप टाकीच्या तळाच्या पातळीला बसवा. कार्बोरेटरची जुनी नळी तर वापरूच नका, तिला पाव किलोची सवय. टाकी पावच्या खाली गेली की आवाज वाढतो, तो चालायचाच.

व्होल्टेजचे फोटो विक्रेत्याला पाठवले. उत्तरात एक अंगठा आला, पैसे नाहीत. मित्राने गेल्या महिन्यात हेच किट मागवलं, त्यातही तीच वायर. पंपाला चार तारे, किटला दोन. तुमचा इलेक्ट्रिशियन रिले लावून देणार असेल तरच घ्या, आणि किंमत ठरवताना वायरचे पैसे कापून मागा.