अमेरिकेत घरचा डॉक्टर निवडताना: एम.डी. की डी.ओ.?

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाने इन्शुरन्सच्या यादीतून प्रायमरी केअर डॉक्टर निवडायला घेतला, की काही नावांपुढे एम.डी. आणि काहींपुढे डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) दिसते, आणि भारतातल्या सवयीने एम.डी.वाले वरचढ वाटू लागतात. भारतातली एम.डी. एम.बी.बी.एस.नंतरची आहे; इथे मात्र एम.डी. आणि डी.ओ. या दोन्ही, कॉलेजची पदवी झाल्यावर चार वर्षांत मिळणाऱ्या, वैद्यकाच्या पहिल्याच पदव्या आहेत. डी.ओ. पन्नासही राज्यांत औषधे लिहून देऊ शकतात, शस्त्रक्रियाही करू शकतात, आणि २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची) मान्यता-व्यवस्थाही एकच झाली आहे. ब्रिटनमधले ऑस्टिओपॅथ केवळ हाताने उपचार करतात, ते वैद्यकीय डॉक्टर नसतात. म्हणून तिथल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लागू पडत नाही.

ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावी या पंथाचे पहिले महाविद्यालय काढले, तेव्हा तो प्रचलित वैद्यकाविरुद्धचा बंडाचा पवित्रा होता. ते अंतर पुढे किती कमी झाले, हे कॅलिफोर्नियात दिसले: १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या डी.ओ. डॉक्टरांना एक छोटे प्रशिक्षण आणि ६५ डॉलर शुल्क एवढ्यावर एम.डी. पदवी घेता आली. डॉक्टर तेच राहिले आणि पाटी बदलली. अलीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल झालेल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या वृद्ध रुग्णांचे मृत्युप्रमाण, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण आणि खर्च दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांकडे जवळपास सारखेच आढळले.

मग फरक उरतो तो हाताचा. डी.ओ. विद्यार्थी नेहमीच्या अभ्यासक्रमाशिवाय सुमारे २०० तास स्नायू, सांधे आणि मणके हाताने तपासण्याचे व त्यांवर उपचार करण्याचे शिक्षण घेतो. माझी निवड ठरली ती याच ठिकाणी. दिवसभर संगणकासमोर बसून माझी मान आणि खांदा धरत असे. माझे आधीचे डॉक्टर एम.डी. होते, सज्जन आणि अभ्यासू होते, पण दुखण्याचे वर्णन ऐकून ते टंकित करत, वेदनाशामक लिहून देत आणि फिजिओथेरपीसाठी रेफरल देत. दुखणाऱ्या जागेला त्यांचा हात क्वचितच लागे. त्यानंतर रेफरलच्या मंजुरीची वाट पाहणे, वेगळी वेळ मिळवणे, प्रत्येक खेपेला वेगळा कोपे (रुग्णाने स्वतः भरायचा वाटा) भरणे, आणि तोवर दुखणे एकतर आपोआप ओसरलेले किंवा वाढलेले असणे, हे इतक्या वेळा घडले की औषधापेक्षा या वाटचालीचाच मला अधिक त्रास होऊ लागला. पुढे मी ज्या डी.ओ. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी त्याच भेटीत मान चाचपली, खांद्याची हालचाल पाहिली, थोडा हाताचा उपचार केला आणि घरी करायचे व्यायाम दाखवले. माझ्या रक्तदाबाचा आणि गोळ्यांचा हिशेबही त्याच डॉक्टर ठेवतात.

हा एका रुग्णाचा अनुभव आहे, आणि हाताने नीट तपासणारे एम.डी.ही असतात, हे मान्य करायला हवे. कंबरदुखीवरील १९९९च्या एका चाचणीत हाताच्या उपचाराने नेहमीच्या उपचारांइतकाच आराम पडला, मात्र औषधे कमी लागली. हाताच्या उपचाराचा दावा मला याच मर्यादेत पटतो. कवटीची हाडे हलक्या हाताने सरकवून नाना विकार बरे करण्याच्या प्रकाराला भक्कम पुरावा नाही, आणि कोणी तो आग्रहाने सुचवला तर मी नम्रपणे नकार देईन. हृदयरोग, कर्करोग किंवा दुर्मीळ व्याधींसाठी विशेषज्ञ शोधताना तर मी पदवीची अक्षरे पाहणारच नाही. त्या आजाराचे किती रुग्ण त्यांनी हाताळले आहेत, एवढेच विचारीन.

घरचा डॉक्टर निवडायचा असेल आणि घरात पाठ, मान किंवा गुडघ्याच्या तक्रारी असतील, तर माझा कल डी.ओ.कडे झुकतो. मात्र पदवी घेतल्यावर अनेक डी.ओ. हाताचा उपचार फारसा करत नाहीत. म्हणून वेळ ठरवतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: डॉक्टर हा उपचार स्वतः करतात का, आणि तो त्याच भेटीत केल्यास इन्शुरन्स त्याचे पैसे देते का. पहिल्याचे उत्तर नाही असे आले, तर यादीतला जवळचा आणि लवकर वेळ देणारा एम.डी. तितकाच चांगला.