स्टोरीवीव्हर: गावच्या शाळेत वापरायचं तर असं

‘प्रथम बुक्स’ या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ना-नफा संस्थेनं 2015 मध्ये सुरू केलेलं हे मोफत गोष्टींचं ऑनलाइन वाचनालय. खरी ताकद वाचनाच्या पातळ्यांत आहे. पहिल्या पातळीत 250 शब्दांपर्यंतच्या गोष्टी, दुसरीत 600, तिसरीत 1500, त्यापुढं चौथी. इयत्ता पाहून पातळी ठरवू नका. इयत्ता चौथीतलं पोरगं अडखळत वाचत असेल तर त्याला पहिल्या पातळीचीच गोष्ट द्या, चित्रांच्या आधारानं ते लवकर सरकतं.

शोधताना आधी भाषा मराठी, मग पातळी, शेवटी विषय. उलटं केलं की दुसऱ्या भाषांचा ढीग समोर येतो. शब्द टाकून शोधाल तर ‘पावसात’ नको, ‘पाऊस’ टाका.

कमजोरी अनुवादांत आहे. कोणीही अनुवाद करून टाकू शकतो, त्यामुळं काही मराठी फार ओबडधोबड. वर्गात द्यायच्या आधी पूर्ण वाचाच. गडचिरोलीकडं गोंडी गोष्टी फार मोलाच्या, पण बोली गावागणिक बदलते. आधी गावातल्या जाणत्या माणसाला ऐकवा.

रेंज नसलेल्या गावासाठी तालुक्याला गेल्यावर पीडीएफ उतरवून घ्या. परवाना खुला आहे, छापून वाटता येतं. फक्त लेखक, चित्रकाराच्या नावाचं पान कापू नका.