कोलोरॅडो, वायोमिंग की आयडाहो? म्यूल डिअरसाठी पहिल्यांदा परराज्यात जाताना

मिनेसोटात आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून शिकारीला जाणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे आम्ही सगळे इथे आल्यावर, चाळिशीच्या आसपास, कुणा शेजाऱ्याच्या नाहीतर ऑफिसातल्या मित्राच्या मागे मागे जाऊन शिकलो. नोव्हेंबरातल्या थंडीत मचाणावर बसून चार-पाच वर्षं व्हाइटटेल हरणांची शिकार झाली, की पश्चिमेची ओढ लागते. मग फोन येतो: "म्यूल डिअरसाठी जायचंय. कुठल्या राज्यात अर्ज करू?"

मी या तिन्ही राज्यांत सरकारी जमिनीवर, गाइड न घेता फिरलो आहे. म्हणून मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या खेपेला कोलोरॅडो. वायोमिंगचे पॉइंट (दरवर्षी साठत जाणारे गुण; जास्त असले की परवान्याच्या सोडतीत नंबर आधी लागतो) याच वर्षापासून जमवायला लागा. आयडाहो त्यांच्यासाठी, ज्यांचे गुडघे धड आहेत आणि ज्यांना सलग दहा दिवस रजा मिळते.

आधी जनावराविषयी, कारण राज्याची निवड त्यावरच ठरते. म्यूल डिअर म्हणजे खेचरासारखे लांब कान असलेलं हरीण. शेपटीचं टोक काळं, आणि बिचकलं की चारही पाय एकदम उचलत टणाटण उड्या मारत निघतं. शिंगाची फांदी दुभंगते आणि मग प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो. पश्चिमेत टोकं एकाच बाजूची मोजतात. आपल्याकडे मिनेसोटात ज्याला आठ पॉइंटर म्हणतात, तो तिकडे चार पॉइंटचा. नियम वाचताना हे लक्षात ठेवा, कारण वायोमिंगच्या काही भागांत एका बाजूला तीन किंवा चार टोकं असलेलाच नर मारता येतो.

मचाणाची सवय मात्र घरीच ठेवून जावं लागतं. तिथे उघड्या डोंगरउतारांसमोर बसून तासन् तास दुर्बिणीतून बघायचं, जनावर सापडलं की वारा सांभाळत त्याच्यापर्यंत जायचं. कोलोरॅडोतल्या माझ्या पहिल्या सकाळी मी समोरचा एक उतार दोनदा नीट पाहिला आणि काही नाही म्हणून दुर्बीण पुढे नेणार होतो. तेवढ्यात एका जुनिपरच्या सावलीत काहीतरी फडकलं. कान होता. माशी हाकलायला हलला असेल. त्या कानापासून सुरुवात करून मग नाक दिसलं, मग पाठीची करडी रेघ, आणि दहा मिनिटांनी कळलं की त्या एकाच झुडपाखाली तीन हरणं बसली आहेत. दुर्बीण ट्रायपॉडवर नसती तर तिन्ही हुकली असती. नवी रायफल घ्यायचा विचार असेल तर तो पुढे ढकला, ते पैसे चांगल्या दुर्बिणीत आणि ट्रायपॉडमध्ये घाला.

आता टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. कोलोरॅडोत एल्कचे (सांबरासारखं मोठं हरीण) काही टॅग दुकानात जाऊन थेट घेता येतात हे ऐकून लोक हरणाचंही तसंच धरून चालतात. तसं नाही. १९९९ पासून तिथे हरणाचा प्रत्येक टॅग ड्रॉमधूनच, म्हणजे सोडतीतूनच, मिळतो. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी, हा सरळ हिशोब. गनिसन खोऱ्यासारख्या नावाजलेल्या युनिटांसाठी (युनिट म्हणजे राज्याने शिकारीसाठी आखलेला विभाग) वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पण शून्य किंवा एक पॉइंटवर मिळणारी युनिटंही बरीच आहेत, आणि पहिल्या खेपेला तीच बघायची. शिवाय एक सोय अशी की पॉइंट फक्त पहिल्या पसंतीला खर्ची पडतात. पहिल्या पसंतीत नुसता पॉइंट मागा आणि दुसऱ्या पसंतीत कमी मागणीचं युनिट टाका. टॅग मिळाला तरी पॉइंट तुमचाच राहतो. काहीच लागलं नाही तर ऑगस्टमध्ये उरलेल्या टॅगची यादी लागते. अर्जाआधी एक पात्रता लायसन्स विकत घ्यावं लागतं आणि अर्जाची फी जाते, टॅगचे पैसे मात्र नंबर लागल्यावर कापतात.

वायोमिंगची पद्धत वेगळी. बाहेरच्यांसाठी राज्याचे अक्षरांचे भाग पाडलेले आहेत, आणि जनरल टॅग त्या अख्ख्या भागात चालतो. अर्ज जूनच्या सुरुवातीपर्यंत. ७५ टक्के टॅग पॉइंटवर जातात आणि २५ टक्के चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे पहिल्याच वर्षी नशीब उघडू शकतं. टॅगचे दोन भाव आहेत, साधा आणि स्पेशल. स्पेशल साध्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. त्यात अर्जदार कमी असतात म्हणून नंबर लागण्याची शक्यता जास्त, एवढाच त्याचा फायदा. पहिल्या खेपेला मी तो घेणार नाही आणि कुणाला घ्याही म्हणणार नाही. इथे पूर्ण रक्कम अर्जाबरोबरच भरावी लागते, नाही मिळाला तर परत येते. नुसता पॉइंट हवा असेल तर तो उन्हाळ्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ४१ डॉलरला मिळतो.

आयडाहोत पॉइंट हा प्रकारच नाही. पूर्वी बाहेरच्यांचे जनरल टॅग १ डिसेंबरला सकाळी विक्रीला यायचे आणि लोक कॉम्प्युटरसमोर रांगेचा नंबर घेऊन बसायचे. २०२६ च्या हंगामापासून तेही ड्रॉवर गेलं, अर्ज आदल्या डिसेंबरात. नव्या माणसाला हे चांगलंच आहे, कारण वीस वर्षं पॉइंट साठवलेला कुणी तुमच्या पुढे उभा नसतो. लायसन्सचा खर्च मात्र आधी होतो: १८५ डॉलर. नंबर लागला तर त्यावर साडेतीनशेच्या घरातला टॅग.

यात एक गोष्ट जुळून येते. आयडाहोचा डिसेंबर, कोलोरॅडोचा एप्रिल, वायोमिंगचा जून, आणि पुन्हा कोलोरॅडोचा ऑगस्ट अशा तारखा एकामागोमाग आहेत. एका ठिकाणी हुकलं तर दुसरीकडचं दार अजून उघडं असतं. हंटर एज्युकेशनचं कार्ड कुठल्याही राज्याचं सगळीकडे चालतं.

टॅगपेक्षाही मी जमिनीवर जास्त वेळ घालवा म्हणेन. पश्चिमेत सरकारी जमीन अफाट आहे. नकाशावर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची पिवळी, फॉरेस्ट सर्व्हिसची हिरवी, राज्याची निळी, आणि खासगी ती पांढरी. पण पिवळं दिसलं म्हणजे पाय ठेवता येईलच असं नाही. वायोमिंगच्या पूर्व भागात मी हीच चूक केली. थंडर बेसिनच्या गवताळ प्रदेशाजवळ नकाशावर पिवळ्याचा मोठा तुकडा दिसला, आदल्या रात्री कुंपणाशेजारच्या रस्त्यावर पोहोचलो, आणि सकाळी कळलं की त्या तुकड्यापर्यंत एकही सार्वजनिक रस्ता जात नाही. चहूबाजूंनी पांढरं. सहा दिवसांच्या शिकारीतला एक अख्खा दिवस गाडीच्या काचेतून हरणं बघण्यात गेला. चूक पूर्ण माझी. घरी बसून अर्धा तास रस्ते तपासले असते तर टळली असती.

वायोमिंगच्या दक्षिण भागात याहून अवघड प्रकार आहे. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंनी एकाआड एक चौरस मैल जमीन दिली गेली. त्यामुळे सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी मांडली आहे. एका सरकारी घरातून तिरक्या सरकारी घरात जायचं तर फक्त कोपऱ्याचा बिंदू ओलांडायचा, खासगी मातीला पाय न लावता. २०२१ मध्ये एल्क माउंटनजवळ मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी चक्क शिडी लावून तो ओलांडला. जमीनमालकाने दावा लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या (या भागातल्या काही राज्यांवर अधिकार असलेल्या) अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. हा निकाल वायोमिंग आणि कोलोरॅडो दोन्हींना लागू आहे. आयडाहो नवव्या सर्किटमध्ये येतं, तिथे त्याचा आधार घेऊ नका.

वायोमिंगचा आणखी एक नियम पहिल्यांदा जाणाऱ्याला अडचणीत आणतो. संघराज्याने वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या क्षेत्रात बाहेरच्या माणसाला लायसन्सधारक गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत असल्याशिवाय मोठ्या प्राण्याची शिकार करता येत नाही. जमीन तुमच्या-माझ्या कराची, तिथे एकट्याने चालायला, तंबू ठोकायला हरकत नाही, रायफल घेऊन मात्र नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे तो पाळायचा. कोलोरॅडोत फ्लॅट टॉप्ससारख्या वाइल्डरनेसमध्ये तुम्ही स्वतःच्या पायांवर जाऊ शकता. आयडाहोत तर फ्रँक चर्च वाइल्डरनेस आहे, वीस लाख एकरांहून मोठी, आणि तिच्यातही गाइडची सक्ती नाही.

राज्याच्या निळ्या जमिनीचे नियम जागोजागी बदलतात. वायोमिंगमध्ये तिथे शिकार चालते पण रात्रीचा मुक्काम आणि शेकोटी नाही. कोलोरॅडोत राज्याच्या शिकार कार्यक्रमात नोंदलेली असेल तरच ती उघडी, नाहीतर खासगीच समजा.

शरीराचं काय? आपल्या मनात उंचीचं माप म्हणजे कळसूबाई, ५,४०० फूट. डेन्व्हर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर वसलेलं आहे. कोलोरॅडोत ऑक्टोबरातली हरणं आठ-नऊ हजार फुटांवर सहज असतात. मिनेसोटाच्या सपाटीवरून जाऊन पहिल्याच दिवशी पाठीवर ओझं घेऊन धावलात तर डोकं दुखेल, झोप लागणार नाही. आधी एक दिवस थांबा, पाणी प्या. वायोमिंगच्या पश्चिमेकडच्या उंच भागात हंगाम १५ सप्टेंबरला उघडतो, तेव्हा नर झाडं संपतात त्या उंचीवर असतात. ती चढाई पहिल्या खेपेची नाही. आयडाहोत बऱ्याच युनिटांचा हंगाम १० ऑक्टोबरला सुरू होतो. डोंगर उंचीला कमी पण उतार असे उभे, की जनावर कुठे पडेल याचा विचार ट्रिगरला बोट लावण्याआधी करावा लागतो. कोलोरॅडोचा दुसरा रायफल हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी येतो, आणि तोवर बर्फ पडलं तर हरणं वरून खाली सरकायला लागतात. माझी शिफारस त्याच हंगामाची. नोव्हेंबरात माजावर आलेले नर दिवसाढवळ्या फिरतात हे खरं, पण चौथ्या हंगामाच्या टॅगला त्यामुळेच जास्त पॉइंट लागतात.

ही हरणं ऋतूप्रमाणे किती चालतात याची कल्पना सहसा नसते. वायोमिंगच्या रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत दीडशे मैलांचा त्यांचा मार्ग आहे, आणि संशोधकांनी पट्टा लावलेली २५५ क्रमांकाची मादी तर २४२ मैल चालून आयडाहोत पोहोचली. म्हणून सप्टेंबरात मित्राला हरणं दिसली ती जागा तुम्हाला ऑक्टोबरअखेर रिकामी मिळू शकते. २०२२-२३ च्या हिवाळ्याने पश्चिम वायोमिंग आणि कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातले कळप फार मारले, टॅगही कमी झाले. जुन्या आठवणींवर युनिट निवडू नका, गेल्या दोन-तीन वर्षांचे टॅगचे आकडे बघा.

अंतर आमच्या भागातून मोजलं तर वायोमिंगचा पूर्व भाग सातशे मैल, कोलोरॅडोतलं क्रेग अकराशे, आयडाहोतलं बॉयझी चौदाशेच्या पुढे. यात वायोमिंग सरस आहे, हे मान्य.

आपल्यापैकी जे एच-वन-बीवर आहेत त्यांनी एक गोष्ट वकिलाला विचारूनच पुढे जावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे, आणि तिला एक अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. ते संपलं की अपवादही संपला. मित्राची रायफल हातात घेण्याआधी स्वतःचं लायसन्स खिशात हवं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

कपड्यांत छोटा फरक. कोलोरॅडोत अंगावर किमान ५०० चौरस इंच चमकता केशरी किंवा गुलाबी, शिवाय तशीच टोपी. वायोमिंगमध्ये त्या रंगाचं एक बाहेरचं वस्त्र पुरतं. आयडाहोत सक्ती नाही, तरी मी घालतो.

आणि मांस. जनावर पडल्यावर खरं काम सुरू होतं. माझा पहिला नर दुपारी दोनला पडला. कातडं सोललं तेव्हा हात गरम होते आणि बोटांच्या मागची बाजू थंडीने बधिर. मागच्या फऱ्याचं मांस हाडापासून सोडवताना नर असल्याचा पुरावा तसाच जोडलेला ठेवला, कारण मांस नेताना तो लागतो. सुती पिशव्यांत भरून दोन खेपा केल्या, दुसरी खेप हेडलॅम्पच्या उजेडात. सोबत कुणी नसेल तर गाडीपासून दोन मैलांपुढे गोळी झाडू नका.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रिऑनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा हरणांचा रोग पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये दिसला. आता तिन्ही राज्यांत आहे. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा सीडीसीचा (केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेचा) सल्ला आहे, म्हणून डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत पाकिटांवर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. मिनेसोटात अख्खं जनावर किंवा पाठीचा कणा आणता येत नाही. हाडं काढलेलं मांस आणि स्वच्छ केलेली कवटीची चकती आणता येते. कूलर मोठे न्या, बर्फ कोलोरॅडोत घ्या, आणि नेब्रास्कात एकदा थांबून पाणी काढून टाका.