पहिला चेक सिनेमा: गावातलं राजकारण की सिंड्रेला?

चेक सिनेमाची सुरुवात कुठून करू, असं एकीने विचारलं. डोळ्यांसमोर दोन नावं आली.

व्होयतेख यास्नी यांचा 'ऑल माय गुड कंट्रीमेन' १९६९ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळवून आला आणि मायदेशात बंदीत अडकला. मोराव्हिया या चेक प्रांतातलं खेडं, १९४८ नंतरची सामुदायिक शेतीची सक्ती, त्यात तुटत गेलेले मित्र. पात्रं बरीच, वेग संथ. इतिहास थोडा वाचूनच बसा. ऋतूंचं छायाचित्रण मात्र अप्रतिम!

'थ्री विशेस फॉर सिंड्रेला' (१९७३) ला तयारी लागत नाही. ही सिंड्रेला घोडा दौडवते, नेम धरते. नॉर्वेत दर नाताळला टीव्हीवर लागतो, सगळी पात्रं एकाच पुरुषाच्या आवाजात!

मुलांसोबत सिंड्रेला. शेती-सत्तेचं राजकारण आवडत असेल तर यास्नी, निवांत रात्री.