सर, खालचं बटण दाबा

तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यातली बावीस एकाच स्टॉपवॉचवर. डोक्यावर एकच बटण. दाबलं की सुरू, दाबलं की बंद, तिसऱ्यांदा दाबलं की काटा शून्यावर. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना माझा अंगठा आपोआप हलतो.

त्यामुळे नव्या, म्हणजे अंदाजे सत्तर वर्षं जुन्या, क्रोनोग्राफवर (आत स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळावर) पहिली शर्यत मोजायला गेलो आणि फजिती झाली. शेजारची मुलगी चारशे मीटर पळते. परभणीच्या स्टेडियमवर सकाळी सहाला तिनं रेषा ओलांडली, मी वरचं बटण दाबलं. काटा आपला चालतोच आहे. पुन्हा दाबलं. तरी चालतोच. पोरगी धापा टाकत आली, "सर, किती आलं?" सांगायला आकडा नाही. तिचा धाकटा भाऊ कठड्यावर बसून बघत होता. तो ओरडला, "सर, खालचं बटण दाबा नं! परवा तुम्हीच तर दाखवायलते."

खरं होतं. ह्या घड्याळात लँडेरॉन ४८ नावाचं स्विस मशीन आहे आणि त्याची रीतच वेगळी. दोनच्या आकड्याजवळचं बटण फक्त सुरू करतं. थांबवायचं चारच्या आकड्याजवळच्या बटणानं, आणि तेच दुसऱ्यांदा दाबलं की काटा शून्यावर येतो. बहुतेक क्रोनोग्राफ वरच्याच बटणानं सुरू आणि बंद होतात, खालचं फक्त शून्यासाठी. हे मशीन १९३७ पासून बनलं आणि पुढे कित्येक वर्षं चाललं, तेव्हा त्या लोकांना ह्या रीतीत अडचण वाटली नसावी. मला आठ दिवस लागले. आता चुकत नाही, पण आधी मनात एकदा 'खालचं' म्हणावं लागतं.

घड्याळ घेतलं पुण्यातल्या एका कारागिरांकडून. नाव देत नाही. त्यांच्याकडे तशीही सात महिन्यांची रांग आहे, आणि पुढे मी थोडी तक्रारही करणार आहे. किंमत चौतीस हजार. हिला मी 'दहा-बाराच्या आसपास' असं सांगितलंय, तेव्हा परभणीतल्या वाचकांनी कृपा करावी.

तबकडीवर कंपनीचं नाव नाही, फक्त 'क्रोनोग्राफ स्वीस'. त्या काळी अनेक छोटी घराणी तयार मशीन विकत घेऊन, केसमध्ये बसवून, एवढंच लिहून विकायची. संग्राहक अशा घड्याळाकडे नाक मुरडून बघतात, म्हणून ते मला परवडलं. जगात जर्मनी आणि भारतात परभणी हे ठरलेलं आहे. स्वित्झर्लंडला आमच्याकडे अजून जागा मिळायची होती.

घड्याळाबरोबर एक हाताने लिहिलेला कागद आला. माझ्या मते निम्मी किंमत त्या कागदाची आहे. काय बदललं: मेन स्प्रिंग नवी, काच नवी, पट्टा नवा, मिनिटाच्या छोट्या काट्याची एक बारीक स्प्रिंग दुसऱ्या बंद मशीनमधून काढलेली. काय बदललं नाही: तबकडी, काटे, चावी, दोन्ही बटणं. शेवटी एक ओळ: 'तबकडीला फक्त ब्लोअरने हवा मारली आहे.' ह्या ओळीसाठी मी त्यांना नमस्कार करतो.

ह्याआधी मी एकदा फसलो आहे. इंटरनेटवरून अठराशे रुपयांना 'जुनं स्विस' म्हणून निळी-केशरी तबकडी घेतली. काय सुंदर होती! अशा मालाला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, म्हणजे चार घड्याळांचे तुकडे एकत्र करायचे आणि तबकडी नव्यानं रंगवायची. ओळखायचं कसं ते नंतर कळलं. अक्षरं जाड आणि फुगलेली. मिनिटांच्या रेषा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या घड्याळाची तबकडी लग्नातल्या नवरीसारखी तुकतुकीत दिसत असेल, तर शंका घ्यावी. माझ्या ह्या क्रोनोग्राफची तबकडी पांढरी होती, आता फिक्कट चहासारखी झाली आहे. नऊच्या बाजूच्या छोट्या गोलाभोवती तपकिरी ठिपके आहेत. ते तसेच ठेवले, हेच खरं काम.

आकड्यांवर आणि काट्यांवर एकेकाळी चमकणारा हिरवा लेप होता. आता तो काळपट आहे, अंधारात दिसत नाही. कारागिरांनी फोनवर समजावलं की तो रेडियमचा आहे. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. रेडियमचा जोर निम्मा व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. थकतं ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड, जे प्रकाश देतं. म्हणून त्यांनी तो लेप खरवडला नाही, नवा भरला नाही, आणि मलाही सांगितलं की काच उघडून त्याला हात लावायचा नाही, ती धूळ श्वासात जाता कामा नये. जुनी घड्याळं स्वतः उघडून बघायची खाज असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मला ती खाज आहे. मी पेचकस कपाटात, किल्ली हिच्याकडे दिली आहे.

आता मशीनविषयी. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे काटा सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत मोजतो. शाळेच्या शर्यतीला पुरे. कागदासोबत घड्याळाची चाल तपासणाऱ्या टायमिंग मशीनची पट्टी जोडलेली होती: घड्याळ आडवं ठेवून बॅलन्सचा, म्हणजे आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका २७२ अंश, क्रोनोग्राफ चालू केल्यावर २४१. हा उतार बघून मी आधी घाबरलो. पण तो असायचाच. काटा सुरू होताना एक चाक बाजूनं सरकून दुसऱ्या चाकात दात घालतं, आणि त्या जादा चाकांचं ओझं घड्याळ चालवणाऱ्या त्याच एका मेन स्प्रिंगवर पडतं. दुष्काळात एका विहिरीवर दुसरी मोटर बसवल्यासारखं. दात एकमेकांत नेमके बसले नाहीत तर सुरुवातीला काटा हलकी उडी मारतो. माझ्यात मारतो, दहातून तीनदा. दोष नव्हे, रचनाच तशी.

दोष होता तो वेगळा. शून्यावर आणल्यावर काटा बरोबर बारावर येत नव्हता, अर्धा सेकंद पुढे थांबायचा. तीस वर्षं 'रेषेच्या मागे उभे राहा' ओरडणाऱ्या माणसाला हे सहन होईना. शून्याची करामत खरं तर फार गोड आहे. काट्याच्या दांड्यावर हृदयाच्या आकाराचा एक तुकडा असतो. हातोडी त्यावर आपटली की तो कुठेही असला तरी फिरून एकाच जागी बसतो. ह्याचं पेटंट अडोल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये घेतलं. त्याआधी १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत रिओसेक यांचं वेळ मोजायचं यंत्र तबकडीवर शाईचे ठिपके टाकायचं! माझ्या घड्याळात तो हृदयाचा तुकडा बरोबर जागी येत होता, वर काटा वाकडा बसवला होता.

स्टेशन रोडवरच्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पाहिलं, घड्याळ माझ्या हातात परत ठेवलं आणि म्हणाले, "इसको मेरे से नक्को खुलवाओ सर." असा प्रामाणिकपणा मिळत नाही. परत पुण्याला पाठवलं. कारागिरांनी आधी फोनवर हुज्जत घातली, "अर्धा सेकंद चालतो हो, जुनं आहे." मी म्हटलं, चौतीस हजारात चालत नाही. काटा काढून पुन्हा बसवला की त्याचं भोक थोडं सैल होतं, म्हणून ते टाळत होते, हे नंतर त्यांनीच कबूल केलं. पाच आठवड्यांनी घड्याळ आलं. आता काटा बारावर. कुरिअरचे चारशे रुपये मात्र माझ्याच खिशातून गेले.

दुसरी तक्रार दुरुस्त होणारी नाही. केस पितळेची, वर क्रोम. तिला नवं पाणी चढवण्याआधी इतकं पॉलिश केलंय की पट्टा अडकवतात त्या शिंगांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्यात. तबकडीला हात न लावणाऱ्या माणसाला केसवर हा मोह का झाला, कळत नाही. विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईकाला चकाकी लागते." मला विचारलं होतं का?

रोजच्या वापराचं सांगतो. दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे जातं. सकाळी सात वाजता चावी दिली तर दुसऱ्या दिवशी रात्री आठ-नऊपर्यंत चालतं. पाणी चालत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा घामामुळे मी ते मनगटावर घालतच नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवतो. बॅलन्सला धक्क्यापासून संरक्षण नाही, आपटलं तर त्याचा दांडा तुटतो, म्हणून मोटरसायकलवर बंदी. जिंतूर रोडवर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना कारण सांगायला नको.

रेल्वेत मात्र मजा येते. तबकडीच्या कडेला वेगाची पट्टी आहे. एका किलोमीटरच्या खुणेला सुरू, पुढच्याला बंद, काटा ज्या आकड्यावर थांबला तो ताशी वेग. पिंगळी ते मिरखेल मोजलं: पंचेचाळीस सेकंद, म्हणजे ऐंशी. समोरच्या बाकावरचे गृहस्थ मोबाइलवर बघून म्हणाले, "एकोणऐंशी दाखवायलंय." मला ह्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नको.

आत दुसरी निळी पट्टी आहे, टेलिमीटरची. ही तोफांचं अंतर मोजायला वापरत. ज्वाळा दिसली की सुरू, आवाज आला की बंद. मृगाच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर वाळवण काढत होतो. जिंतूरच्या बाजूला वीज चमकली. मी वरचं बटण दाबलं. गडगडलं तेव्हा खालचं. चौदा सेकंद, पट्टीवर पावणेपाच किलोमीटरच्या थोडं अलीकडे. दुसरी वीज, अकरा सेकंद. तिसरी, आठ.

"अहो, मोजत काय बसलात," ही म्हणाली, "कुरडया उचला."