“हितं किती हाय?”: पॅराव्ह्यूमध्ये बोट ठेवून स्ट्रेस वाचताना

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीत मी ब्रॅकेटचं स्ट्रेस अॅनालिसिस, म्हणजे भार आल्यावर कुठे किती ताण येतो याचं संगणकावरचं गणित, दाखवायला गेले होते. एसजी आयर्नचं, म्हणजे एका जातीच्या चिवट बीडाचं, कास्टिंग, ग्रेड ५००/७. लॅपटॉपवर निळ्यापासून लालपर्यंतचं चित्र लावलं. मालकांनी मान डोलावली. पॅटर्नशॉपचे, म्हणजे कास्टिंगचे लाकडी नमुने बनवतात तिथले, जुने मिस्त्री, ज्यांना तिथे सगळेच मामा म्हणतात, पुढे आले. त्यांनी थेट स्क्रीनवर बोट टेकवलं. “मॅडम, लाल दिसतंय ते खरं. पण हितं किती हाय?”

माझ्याकडे नुसती चित्रं होती. बाजूच्या रंगपट्टीकडे बघून मी म्हटलं, एकशेऐंशी ते दोनशेच्या मध्ये. “मध्ये म्हंजे?” मामांनी विचारलं. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. या ग्रेडची ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो ती स्ट्रेस, ३२० एमपीए (मेगापास्कल) धरतात. फॅक्टर ऑफ सेफ्टी काढायचा तर १८० आणि २०० यांत बराच फरक पडतो. त्या दिवसापासून मी चित्रं नेणं सोडलं. आता रिझल्टची फाईलच नेते आणि समोरच्याने बोट ठेवलं की तिथला आकडा तिथल्या तिथे वाचून दाखवते. ते ज्यामुळे जमतं त्या पॅराव्ह्यू या सॉफ्टवेअरबद्दल हे लिहिते आहे.

पॅराव्ह्यू मुळात फक्त आमच्यासारख्यांसाठी बनलेलं नाही. २००० साली अमेरिकेत किटवेअर ही कंपनी आणि लॉस अॅलामॉस नॅशनल लॅबोरेटरी यांनी मिळून ते सुरू केलं, ते प्रचंड मोठा डेटा अनेक प्रोसेसरांवर वाटून बघता यावा म्हणून. पण माझ्या सोळा जीबीच्या लॅपटॉपवरही ते नीट चालतं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर मिळतं. मूळ गणित सोडवणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर, म्हणून मी कॅल्क्युलिक्स वापरते. त्याची रिझल्टची एफआरडी फाईल एका छोट्या कन्व्हर्टरमधून पॅराव्ह्यूला वाचता येणाऱ्या व्हीटीयू प्रकारात बदलायची आणि पॅराव्ह्यूत उघडायची. पुण्यात नोकरीला होते तेव्हा महागड्या पॅकेजचं एक लायसन्स तिघांत होतं. नुसता एक आकडा बघायलाही पाळी यायची वाट बघावी लागे. आता रात्री अकराला शंका आली तरी उठून बघता येतं.

कुठलंही पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे रिझल्ट बघायचं सॉफ्टवेअर, हातात आलं की मी आधी त्यात भोकाची पट्टी तपासते. १०० मिमी रुंद पट्टी, मधोमध २० मिमी व्यासाचं भोक, दोन्ही टोकांना १० एमपीएची ओढ. १८९८ साली किर्शने अमर्याद रुंदीच्या पट्टीसाठी सोडवलेलं गणित सांगतं की भोकाच्या कडेला तिप्पट स्ट्रेस येते. रुंदी मर्यादित असल्याने आपल्या पट्टीत ती जरा वाढून ३१.४ च्या आसपास जायला हवी. पॅराव्ह्यूत ‘हॉव्हर पॉइंट्स ऑन’ चालू केलं आणि माऊस भोकाच्या वरच्या कडेवर नेला. क्लिकही करावं लागलं नाही. छोटी चौकट उघडली, त्यात नोडचा, म्हणजे मॉडेल ज्या जाळीत (मेशमध्ये) विभागलेलं असतं तिच्यातल्या बिंदूचा, आयडी, तिन्ही निर्देशांक आणि त्याखाली त्या नोडवरच्या सगळ्या किमती, विस्थापनापासून स्ट्रेसच्या सहाही घटकांपर्यंत. ओढीच्या दिशेची स्ट्रेस ३१.६. मग कर्सर भोकाच्या कडेनेच नव्वद अंश सरकवला. फॉन मिसेस, म्हणजे सगळ्या घटकांची मिळून काढलेली एकच स्ट्रेस, १० च्या जवळपास दिसत होती, पण त्याच चौकटीत कडेला समांतर असलेली स्ट्रेस उणे १० च्या आसपास होती. म्हणजे पट्टी ओढली जात असताना भोकाची ती बाजू दाबली जाते. फॉन मिसेसला चिन्ह नसतं, त्यामुळे तिच्या रंगीत चित्रात ही गोष्ट कधीच दिसली नसती. सगळ्या किमती एकत्र दाखवणारी ही चौकट मला सगळ्यात जास्त आवडते.

एका नोडऐवजी एखाद्या रेषेवर स्ट्रेस कशी उतरत जाते ते बघायचं असेल तर ‘प्लॉट ओव्हर लाइन’. भोकाच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत रेष टाकली. केंद्रापासून २० मिमीवर, म्हणजे त्रिज्येच्या दुप्पट अंतरावर, स्ट्रेस बारापर्यंत खाली आलेली. किर्शच्या सूत्रातून तिथे १२.२ येते. इतकं जुळल्यावर मी ते ग्राहकाच्या कामाला लावलं.

या रेषेची एक खोड मात्र आधीच माहीत हवी. मेशची गोलाई म्हणजे खरं तर छोट्या छोट्या पृष्ठांची जुळणी. बाहेर फुगलेल्या गोल बॉसवर (कास्टिंगवरच्या उंचवट्यावर) रेषेचं टोक हाताने आकडे घालून ठेवलं, तर ते मेशच्या केसभर बाहेर पडू शकतं. बाहेर पडलं की तिथे किंमतच मिळत नाही आणि आलेखाचं टोक तुटतं. नेमकं पृष्ठभागावरचं टोक, जिथे स्ट्रेस सर्वांत जास्त असण्याची शक्यता! उपाय सोपा आहे. कर्सर त्या जागी नेऊन कंट्रोल आणि पी दाबायचं, मग बिंदू जवळच्या नोडवरच जाऊन चिकटतो. नुसतं पी दाबलं तर तो पृष्ठभागावर कर्सरखाली जिथे असेल तिथे बसतो. नोडवर बसलात तर फाईलमधली किंमत मिळते, दोन नोडांच्या मध्ये बसलात तर आजूबाजूच्या नोडांवरून काढलेली. रिपोर्टमध्ये यांतली कोणती दिली ते मी आता लिहितेच.

सर्वाधिक स्ट्रेस कुठे आहे हे डोळ्यांनी शोधत बसू नका. ‘फाइंड डेटा’मध्ये स्ट्रेसचं नाव निवडायचं, पुढे ‘इज मॅक्स’, आणि शोधायला सांगायचं. मग ‘झूम टू सिलेक्शन’. मामांच्या ब्रॅकेटमध्ये मॅक्स सापडली ती त्यांनी बोट ठेवलेल्या फिलेटवर, म्हणजे कोपऱ्याला दिलेल्या गोलाईवर, नव्हेच, मागच्या एका तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यात. तिथे ३९८ एमपीए, म्हणजे प्रूफ स्ट्रेसच्याही वर. पोटात गोळा आला. मग मेश बदलून तीनदा चालवलं. ४ मिमीच्या मेशवर त्या कोपऱ्यात २१४, २ मिमीवर २९१, १ मिमीवर ३९८. फिलेटवर मात्र १८८, १९७, १९९. कोपऱ्यातला आकडा थांबतच नव्हता, कारण मॉडेलमधल्या शून्य त्रिज्येच्या आतल्या कोपऱ्यात गणितानेच स्ट्रेस अमर्याद होते, मेश बारीक कराल तितकी ती चढते. कास्टिंगमध्ये तिथे काही ना काही गोलाई असतेच, ड्रॉइंगवर ती काढली नव्हती इतकंच. फिलेटचा आकडा स्थिरावला होता, म्हणून मामांना सांगायचा आकडा १९९. हा निवाडा सॉफ्टवेअर करत नाही, त्याने करूही नये. पण तीन फाईली शेजारी शेजारी उघडून त्याच जागेवर तीनदा कर्सर नेता येतो, म्हणून तो आपल्याला करता येतो.

आता तक्रारी. पॅराव्ह्यूला एकक कळत नाही. आकडा येतो तो नुसता, तो एमपीए आहे की पास्कल हे तुम्ही मॉडेल मिलिमीटरमध्ये केलं होतं की मीटरमध्ये यावर. चौकटीतला आयडी शून्यापासून सुरू होतो, तो सॉल्व्हरचा नोड नंबर नव्हे. एकदा मी तोच नंबर डिझायनरला फोनवर सांगितला आणि तो बिचारा अर्धा तास भलत्याच बॉसवर शोधत बसला. आता मी निर्देशांकच सांगते. कॅल्क्युलिक्ससोबत येणाऱ्या सीजीएक्स या प्रोग्राममध्ये खरा नोड नंबर मिळतो, पण तिथलं बरंचसं काम कीबोर्डवरून आज्ञा देऊन चालतं, ते फौंड्रीत लोकांसमोर दाखवण्याजोगं नाही.

याहून घातक गोष्ट ‘वार्प बाय व्हेक्टर’ची. वाकलेला आकार बघायला ते लावतात आणि दिसावं म्हणून विस्थापन शंभरपट करतात. त्यानंतर हॉव्हर केलं की निर्देशांकही त्या शंभरपट वाकलेल्या आकाराचे येतात आणि टाकलेली रेष भलतीकडून जाते. मोजमाप नेहमी मूळ, न वाकवलेल्या मॉडेलवर करा. वाकलेलं फक्त बघण्यासाठी ठेवा.

आणि एक गोष्ट पॅराव्ह्यूच्या हातात नाहीच. सॉल्व्हर स्ट्रेस काढतो ती एलिमेंटच्या, म्हणजे मेशच्या एकेका तुकड्याच्या, पोटातल्या ठरावीक बिंदूंवर, इंटिग्रेशन पॉइंटांवर. दहा नोडांच्या टेट्रामध्ये (चार पृष्ठांच्या एलिमेंटमध्ये) असे चार पॉइंट असतात. तिथून ती नोडांपर्यंत ताणली जाते आणि एका नोडवर भेटणाऱ्या एलिमेंटांची सरासरी घेऊन फाईलमध्ये लिहिली जाते. कर्सरखाली दिसतो तो हा सरासरीचा आकडा. पोलादी बुश आणि बीडाचं घर एकाच नोडवर जोडले असतील तर तिथली सरासरी ना पोलादाची असते ना बीडाची. अशा जागी मी सॉल्व्हरच्या डॅट फाईलमध्ये इंटिग्रेशन पॉइंटांच्या किमती वेगळ्या छापून घेते आणि त्या वाचते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

शिकायला मला दोन आठवडे गेले. बटणं चिक्कार आहेत, त्यातली आपल्या कामाची जेमतेम आठ-दहा. ज्यांना मेशपासून रिपोर्टपर्यंत सगळं एकाच खिडकीत हवं आहे त्यांना हे तुकड्यातुकड्यांचं वाटेल. स्वतंत्र काम करणाऱ्यांना, कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांना मी डोळे मिटून हेच सांगेन.

त्या ब्रॅकेटवर मी ‘प्रोब लोकेशन’ने एक बिंदू फिलेटवर कायमचा बसवून स्टेट फाईल, म्हणजे ही सगळी मांडणी साठवणारी फाईल, जपून ठेवली. पुढच्या खेपेला मामांनी विचारलं, फिलेट सहा मिमीची दहा केली तर? रात्री नवीन मेश करून चालवलं, सकाळी शिरोलीत तीच स्टेट उघडून फक्त फाईल बदलली. फिलेट बदलली की पृष्ठभाग सरकतो, म्हणून बिंदू पी दाबून पुन्हा टेकवला. १५३. मामांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पॅटर्नच्या लाकडावर, फिलेटच्या अगदी बाजूला, तो आकडा लिहून घेतला.